उजव्या गोळ्याचा ॲक्सल

हैबतरावांच्या जीपचा पुढचा ॲक्सल मोडला तेव्हा त्यांनी सगळ्यात आधी दगडाची चौकशी केली.

दगड वाटेच्या मधोमध होता, म्हशीच्या डोक्याएवढा. जीप त्याच्यावर चढली, खालून घागर फुटावी तसा आवाज आला आणि जीप तिथंच बसली. हैबतराव उतरले. जीपखाली वाकायच्या आधी त्यांनी दगडाभोवती एक फेरी मारली, त्याला पायाने ढोसून पाहिलं आणि मग गावातल्या बहिरू मेस्त्रीला फोन लावला.

"बहिरू, ह्यो दगुड हितं नव्हता."

बहिरू अर्ध्या तासात आला. त्याने दगड पाहिला. "नाना, ह्यो माझ्या आज्याच्या टायमापास्नं हाय. ल्हानपनी ह्याच्यावर बसून आमी करवंदं खायचो."

"आसंल. पन आसा तोंड वर करून नव्हता."

बहिरू जीपखाली शिरला आणि बराच वेळ नुसते त्याचे पाय दिसत राहिले. बाहेर आला तेव्हा त्याच्या हातात लोखंडाचे दोन दात होते. ॲक्सलचं हौसिंग तडकलं होतं आणि मधल्या गोळ्यात जी दातेरी चाकं असतात, ती एकमेकांना खाऊन बसली होती. मागच्या चाकांच्या जोरावर जीप घरी जाईल, बहिरू म्हणाला, पण वरच्या पट्टीवर काही जायची नाही. परतीच्या पावसाने वाट तांबड्या लोण्यासारखी झाली होती. पुढच्या चाकांनी ओढल्याशिवाय त्या चढावर जीप फक्त जागच्या जागी गोल फिरली असती.

एरवी हैबतरावांनी ॲक्सल निवांत दिवाळीनंतर बदलला असता. पण त्या दिवशी बुधवार होता, आणि येत्या सोमवारी अकरा वाजता मंडल अधिकारी ती वाट बघायला यायच्या होत्या.

त्याचं असं झालं होतं. हैबतरावांची वरची पट्टी, म्हणजे सव्वादोन एकर भात, मुठा गावाच्या वरच्या अंगाला डोंगराच्या कुशीत होती. तिथं जायला एकच वाट. त्या वाटेच्या तोंडाशी पुण्याच्या स्वानंद नावाच्या तरुण गृहस्थाने शनिवार-रविवारच्या बंगल्यांची वसाहत काढली होती, आणि वसाहतीला शोभा यावी म्हणून वाटेवर फाटक बसवलं होतं. हैबतरावांनी पौडला तहसील कचेरीत अर्ज दिला, की ही आमची वहिवाटीची गाडीवाट आहे. स्वानंदने उत्तर दिलं, की ही नुसती पायवाट आहे, इथून कधी कुठलं वाहन गेलेलं नाही आणि जाऊही शकत नाही. आता सोमवारी मॅडम स्वतः बघणार होत्या. गाडी गेली तर गाडीवाट, मग फाटक निघणार. नाही गेली तर पायवाट, मग भाताची पोती डोक्यावरून, खत डोक्यावरून, आणि वर्षा-दोन वर्षांत पट्टी विकायला काढायची. घेणारा एकच. तो फाटकाजवळ राहायचा.

"ट्रॅक्टर न्यावा की मंग," बहिरू म्हणाला. "वाहान म्हंजे वाहान."

ते जमणार नव्हतं, आणि त्याला कारण हैबतरावच होते. अर्जात नुसतं 'वाहन' लिहिलं तर उद्या समोरची पार्टी भलतंच काहीतरी उभं करून हेच ते वाहन म्हणेल, असा संशय येऊन त्यांनी अर्जात 'माझी स्वतःची जीप' असं लिहिलं होतं. पुढे जीपचा नंबर टाकला होता. त्यापुढे इंजिनाचा नंबर टाकला होता. कुठेच पळवाट ठेवायची नाही म्हणून त्यांनी सगळ्या बंद केल्या होत्या, स्वतःची धरून.

तर ॲक्सल हवा होता, आणि तो कुठलाही चालणार नव्हता. बहिरूने तीन अटी बोटांवर मोजून सांगितल्या. एक, मधला गोळा उजव्या अंगाला पाहिजे, कारण या जीपच्या गिअरपेटीतून पुढे येणारा दांडा उजवीकडूनच येतो. दोन, रुंदी तेवढीच पाहिजे. तीन, दात तेवढेच पाहिजेत.

"दात कसे मोजायचे?" हैबतरावांनी विचारलं. "तोंड उघडून?"

"फेऱ्या मोजायच्या. चाकाची एक फेरी झाली की आतला दांडा किती फिरतोय ते बघायचं. मागच्या ॲक्सलचा हिशोब पाचाला जरा कमी हाय. पुढचाबी तेवढाच पायजे. न्हाईतर पुढची चाकं एका चालीनं, मागची दुसऱ्या चालीनं, आन मधी पेटी फुटून हातात यील."

"आन ह्ये कुनाकुनाला ठावं हाय?"

"काय?"

"की फेरी चुकली की पेटी फुटती."

"समद्या मेस्त्र्यांना ठावं हाय, नाना."

हैबतरावांनी मान हलवली. म्हणजे संशयितांची यादी बरीच मोठी होती.

गुरुवारी ते भुकूमला गेले. तिथं रोहित नावाचा एक पोरगा नव्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये जुनी जीप बांधत होता. निदान त्याचं म्हणणं तसं होतं. सोसायटीचं म्हणणं होतं की तो तीन वर्षं भंगार साठवतोय. त्याच्याकडे ॲक्सल होता, पण गोळा डावीकडे.

"काही प्रॉब्लेम नाही काका," रोहित म्हणाला. "उलटा बसवायचा. खालची बाजू वर. गोळा आपोआप उजवीकडे येतो. यूट्यूबवर एकाने केलंय."

बहिरू क्षणभर डोळे मिटून उभा राहिला. मग म्हणाला, "आन मंग पुढची चाकं उलटी फिरतील त्येचं काय?"

"हां, त्याने ते व्हिडिओत दाखवलं नाही."

हैबतरावांच्या डोळ्यांसमोर सोमवारचं चित्र उभं राहिलं. मॅडम समोर उभ्या आहेत, मागची चाकं डोंगराकडे निघाली आहेत, पुढची पिरंगुटकडे, आणि जीप मधल्यामध्ये ताणली जाते आहे. इतकी पक्की योजना एका पोराला एकट्याने सुचणं शक्य नाही, असं त्यांचं मत पडलं. "तुला इकडं कोन कोन येतं भेटायला?" त्यांनी रोहितला विचारलं. रोहित म्हणाला, सेक्रेटरी येतात, नोटीस द्यायला.

शुक्रवारी उरवड्याला एका कारखान्यामागे एक ॲक्सल मिळाला. गोळा उजवीकडे होता. पण लांबी दोन्हीकडे चार-चार बोटं जास्त. बसवला असता तर चाकं जीपच्या बाहेर राहून शेजारून चालली असती. शिवाय मालकाने विचारलं, "मुठ्याचे का तुमी?" हैबतराव तिथून जे निघाले ते थेट घरी. आपण मुठ्याचे आहोत हे या माणसाला कुणी सांगितलं? बहिरूने परत परत सांगितलं की नाना, आल्याबरोबर तुम्हीच सांगितलंत. पण ते त्यांना पटलं नाही.

शनिवारी सकाळी उरलं पौड. पौडच्या बाजारामागे पीरमहंमद यांचं जुन्या गाड्यांच्या सामानाचं आवार होतं. पीरमहंमद सत्तरीचे, हैबतरावांपेक्षा दोन वर्षांनी मोठे. दाराशी खाटेवर त्यांच्या पत्नी कमरबी लसूण सोलत बसलेल्या. आत इंजिनं, दरवाजे, स्टिअरिंगं असं सगळं नीट रांगेत लावलेलं, वाण्याच्या दुकानासारखं.

"पीरभाई," हैबतराव म्हणाले, "जरा विचारायचं हुतं..."

"हाय."

हैबतराव थबकले. दोन दिवस 'न्हाई' ऐकून त्यांना 'न्हाई'ची सवय झाली होती. हे 'हाय' फार लवकर आलं होतं.

"काय हाय?"

"उजव्या गोळ्याचा फ्रंट ॲक्सल."

"मला ॲक्सल पायजे असं मी कुटं म्हनलो?"

"मंग काय पैठनी पायजे?" पीरमहंमद उठले. "चाळीस वरसं तुमची जीप ह्या बाजारातनं जाती. मी आवाजावरनं सांगतो कुटला दात झिजलाय ते. चार दिवस आवाज आला न्हाई, आन आज तुमी बहिरूच्या फटफटीवर मागं बसून आला. ह्यात काय कोडं हाय?"

ॲक्सल आवाराच्या कोपऱ्यात दोन लाकडी ओंडक्यांवर ठेवला होता. गोळा उजवीकडे. बहिरूने टेप लावली, रुंदी तंतोतंत. हैबतरावांनी ती टेप बाजूला ठेवून खिशातून स्वतःची काढली. तंतोतंत. मग त्यांनी पीरमहंमदची टेप मागितली. तीही तंतोतंत. तिन्ही टेपा एकच सांगतायत हे त्यांना आवडलं नाही. पढवून आणलेले साक्षीदार असेच एका सुरात बोलतात.

आणि तेवढ्यात त्यांना रंग दिसला. ॲक्सलच्या टोकाला, नटाच्या खोबणीत, गुलाबी रंगाचे ओघळ.

मुठा खोऱ्यात त्या रंगाची एकच वस्तू होती. स्वानंदच्या फाटकाशेजारी चौथऱ्यावर एक जुनी जीप उभी होती, गुलाबी रंगाची, आणि तिच्यात सीटांच्या जागी माती भरून शेवंती लावली होती. बंगले बघायला येणारी माणसं तिच्यासमोर उभी राहून फोटो काढायची.

"पीरभाई," हैबतराव सावकाश म्हणाले, "ह्यो ॲक्सल कुनाचा?"

"स्वानंद सायबाच्या शेवंतीचा."

बहिरूने टेप खाली ठेवली.

"ती जीप मीच इकली त्याला," पीरमहंमद म्हणाले. "जाग्यावर नेऊन रंगवलीबी मीच. तो म्हनला, चालली न्हाई तरी चालंल, दिसली पायजे. मंग मी म्हनलं, शेवंतीला कशाला पायजे फोर व्हील ड्राइव्ह? त्याला इचारून ॲक्सल काढला आन बोअरचा पाईप घातला. त्यो हां म्हनला. ॲक्सल म्हंजे काय हेच त्याला ठावं नव्हतं."

एवढं सरळ उत्तर मिळाल्यावर दुसरा कुणी गप्प बसला असता. हैबतरावांच्या डोक्यात मात्र सगळं एका ओळीत येऊन उभं राहिलं. दगड तोंड वर करतो. ॲक्सल मोडतो. सगळ्या मुळशी तालुक्यात बसेल असा एकच ॲक्सल सापडतो, आणि तो निघतो समोरच्या पार्टीचा. तो सोमवारी भर चढावर मॅडमसमोर मोडेल. नव्हे, तो मोडण्यासाठीच जन्माला आला आहे.

"फेऱ्या मोजायच्या," ते म्हणाले. "आत्ता. माझ्यासमोर."

"मोजा की," पीरमहंमद म्हणाले. "आमच्या पोराला, झीशानला बोलावतो. त्यो ते टोक धरंल, मी ह्ये धरतो, दोगं बरोबर एक फेरी फिरवू, बहिरू मधला दांडा मोजंल."

"दोन मानसं कशाला?"

"दोन टोकं हायेत म्हनून."

"म्हंजे तितं तुमचा मानूस, हितं तुमी. मंग मोजनार ते आमी कशाला? घरी जाऊन तुमीच फोन करून सांगा आकडा." हैबतराव ॲक्सलच्या लांबच्या टोकाकडे गेले. "ह्या टोकाला कुनी हात लावायचा न्हाई. मी धरतो." आणि ते नुसतं धरून थांबले नाहीत. धोतर सावरून ते त्या टोकावर बसले, घोड्यावर उलटं बसावं तसे, आणि चाकाचा ड्रम दोन्ही हातांनी आणि दोन्ही गुडघ्यांनी आवळला.

"आसं न्हाई मोजत, हैबतराव," पीरमहंमद म्हणाले.

"का? मी धरलं तर अडचन काय हाय?"

"अडचन अशी, की तुमी धरलं हेच..."

"फिरव रं बहिरू."

बहिरूने खडूने खुणा केल्या आणि आपल्याकडचं टोक पूर्ण एक फेरी फिरवलं. मधला दांडा फिरला, एक, दोन, आणि थोडासा पुढे जाऊन थांबला.

"किती?"

बहिरूने डोकं खाजवलं. "अडीच, नाना. अडीचबी न्हाई."

"पायजे किती?"

"पाचाला जरा कमी."

हैबतराव ड्रमवरून उतरले. त्यांचा चेहरा चार दिवसांत पहिल्यांदाच समाधानी दिसला. "बघितलं? निम्मा. बराबर निम्मा!"

"आवो तुमी एक टोक आवळून बसला म्हनून निम्मा आला," पीरमहंमद म्हणाले. "ह्ये सोडा, दोनी बाजू संगट फिरवा, पाच येतंय का न्हाई बघा. न्हाई आलं तर ह्यो ॲक्सल मी माझ्या गळ्यात घालतो."

"मी धरलं म्हनून लोखंडाचं दात कमी झालं?"

"दात कमी न्हाई झालं, फेऱ्या..."

"पीरभाई, चाळीस वरसांची वळख हाय," हैबतराव म्हणाले, आणि फटफटीवर जाऊन बसले. कमरबी म्हणाल्या, "भावजी, चहा टाकलाय." हैबतराव म्हणाले, "नगं," आणि मग थोडं थांबून, "कुनी सांगितला हुता टाकायला?"

सून शुभांगी दुपारी पाळी संपवून घरी आली. ती उरवड्याच्या कंपनीत क्वालिटी खात्यात होती. दिवसभर गिअर मोजायचे आणि जे चुकले त्यांच्यावर लाल शिक्का मारायचा, हे तिचं काम. सासरे अंगणात बसून बहिरूला गुन्ह्याचा तपशील सांगत होते, तो तिने चप्पल न काढता उभ्याउभ्या ऐकला. ड्रम गुडघ्यांत आवळून धरल्याचा भाग त्यांनी जरा खुलवून सांगितला. तो तिने दोनदा सांगायला लावला.

मग ती म्हणाली, "बहिरूदादा, जीपची मागची दोन्ही चाकं जॅकवर उचला."

"मागचा ॲक्सल कशाला? त्यो चांगला हाय," हैबतराव म्हणाले.

"म्हनूनच. मामंजी, तुमी ते डावं चाक धरा. सकाळी धरलं तसंच."

हैबतराव खाली बसले आणि त्यांनी डाव्या चाकाला मिठी मारली. शुभांगीने उजव्या चाकावर खडूची रेघ ओढली आणि ते एक फेरी फिरवलं. बहिरू खाली पडून दांड्याकडे बघत होता.

"किती, दादा?"

बहिरूने दांड्यावरची खूण बोटाने पुन्हा तपासली. "अडीच. अडीचबी न्हाई."

हैबतरावांनी चाक सोडलं नाही. चाकाला तसंच धरून त्यांनी मान वर केली आणि आवाज खाली आणून विचारलं, "बहिरू, मागचाबी बदलला व्हय रं कुनी?"

"मामंजी!" शुभांगी म्हणाली. "ह्यो तुमचाच ॲक्सल हाय. चाळीस वर्षं तुमच्याच जीपखाली हाय. आता सोडा, आन मी फिरवीन तसं तुमी पन फिरवा. माझ्याबरोबर."

दोघांनी दोन्ही चाकं एकदम फिरवली. बहिरू जीपखालून मोठ्याने मोजत होता. एक. दोन. तीन. चार. आणि पाचाच्या अलीकडे थांबला.

"एक चाक धरून ठेवलं, की दांड्याचं निम्मंच फिरणं होतं," शुभांगी म्हणाली. "वळणावर एक चाक हळू नि एक जोरात फिरायला पायजे ना, म्हनून त्या गोळ्यात तशी सोयच असती. पीरचाचा खरं सांगत होते."

"मंग त्यानं तसं सांगायचं."

"सांगितलं की. दोनी टोकं बरोबर फिरवा म्हनले."

"सांगितलं," हैबतराव म्हणाले, "पन पटंल असं न्हाई सांगितलं."

रविवारी सकाळी ते शुभांगीच्या स्कूटरवरून पुन्हा पौडला गेले. वाटेत त्यांनी माफी मागायचं ठरवलं होतं, आणि ती कमीत कमी शब्दांत कशी मागावी याचा सराव ते मागच्या सीटवर ओठ हलवून करत होते. पण आवारात आल्यावर दोन ओंडके दिसले आणि त्यांच्यावर काहीच नव्हतं.

"भाबी, ॲक्सल कुटं हाय?"

"ग्येला," कमरबी म्हणाल्या.

हैबतरावांनी शुभांगीकडे बघितलं. बघ, मी म्हणत होतो, असा त्यांचा चेहरा होता. "कुनी न्येला?"

"ह्येंनीच. टेम्पोत घालून तुमच्याकडंच गेलेत की. वाटंत गाठ पडली न्हाई का?"

"मी तर घेतो म्हनलो न्हाई!"

"काल सांजच्याला शुभांगीनं आमच्या पोरीला, अलमासला फोन केला. एकाच कंपनीत हायेत न्हवं दोगी. चहा घेता का आज तरी?"

हैबतराव खाटेच्या कडेवर बसले. त्यांनी चहा घेतला. आपल्याच घरातून फोन जातात, आपल्याच सुनेची बाहेर माणसं आहेत, आणि पौडपासून उरवड्यापर्यंत सगळं जाळं आहे, हे त्यांना त्या चहाबरोबर गिळावं लागलं. चहा चांगला होता. दुसरा कप त्यांनी मागून घेतला.

घरी आले तर ॲक्सल अर्धा बसलेला. बहिरू डाव्या बाजूला, पीरमहंमद उजव्या बाजूला, दोघं एकमेकांवर ओरडत होते. हैबतराव जवळ गेले.

"पीरभाई," ते म्हणाले. "दोनी टोकं."

एवढीच माफी त्यांच्याकडून निघाली.

"व्हय," पीरमहंमद जीपखालून म्हणाले. "एकोनीस नंबरचा पाना द्या हिकडं."

सोमवारी अकराला मंडल अधिकारी मॅडम आल्या. हातात फाईल, डोळ्यांत घाई, कारण दोन वाजता दुसऱ्या गावी दुसरी वाट बघायची होती. त्या जीपमध्ये पुढे बसल्या. मागे कोंडिबा आणि एकनाथ हे गावातले दोन पंच, शुभांगी, आणि पीरमहंमद. पीरमहंमदना कुणी बोलावलं नव्हतं. "माझा ॲक्सल तुमी कसा चालवता ते बघायचंय," ते म्हणाले. "मलाबी संशय येऊ शकतो."

पाहणीपुरतं उघडलेल्या फाटकापाशी स्वानंद उभा होता. पांढरे बूट, पांढरा शर्ट. मागे त्याची नवीकोरी मोठी गाडी, जी त्या चढावर आरामात गेली असती. पण तिची अडचण अशी होती, की ती गेली असती.

"मॅडम, नमस्कार. मी चालतच येतो," तो म्हणाला. "कारण पायवाटच आहे ना ही. काका, सावकाश हं. तुमच्या वयाला झेपेल तेवढंच."

हैबतरावांनी पुढची चाकं जोडली आणि जीप पहिल्या गिअरमध्ये चढायला लागली. आवाज स्वच्छ होता. पीरमहंमद डोळे मिटून ऐकत होते आणि मधूनमधून मान हलवत होते, गाणं ऐकावं तशी. जीपचा वेग माणसाच्या चालीएवढाच होता, त्यामुळे स्वानंद शेजारून चालू शकत होता. पहिली दोनशे पावलं तो बोलत चालला. पुढची शंभर नुसता चालला. मग वाट तांबड्या चिखलात शिरली, आणि एक पांढरा बूट आत गेला तो वर आला नाही. स्वानंदने वाकून कोपरापर्यंत हात घातला. हात बाहेर आला, रिकामा.

"मॅडम," तो धापा टाकत म्हणाला, "मी फक्त त्या वळणापर्यंत बसतो."

हैबतरावांनी ब्रेक दाबला. "न्हाई."

"काका, वळणापर्यंतच."

"ह्यो का बसतोय?" हैबतरावांनी सगळ्या जीपला विचारलं. "आत्ताच का बसतोय? चढ म्होरं सुरू व्हतोय, आन नेमका आत्ता ह्याला बसायचंय! वजन टाकून ॲक्सल मोडायचाय ह्याला. पीरभाई, ह्याचं वजन किती आसंल?"

पीरमहंमदनी स्वानंदला आपादमस्तक पाहिलं. "तुमच्या दीड पोत्याएवढं. बूट धरून पावनेदोन. पन बूट तर ऱ्हायला."

"मामंजी," शुभांगी मागून वाकून त्यांच्या कानाशी म्हणाली, "बसू द्या."

"अगं पन..."

"मी सांगते ना. बसू द्या. दोन हात जोडते, पन त्यांना बसू द्या."

हैबतरावांनी तिच्याकडे संशयाने पाहिलं. मग शत्रू डोळ्यांसमोर असलेला बरा, असा विचार करून त्यांनी मान हलवली. स्वानंद मागे चढला. कोंडिबाने त्याला हात दिला. वळण आलं आणि गेलं. स्वानंद उतरला नाही, कुणी उतर म्हणालंही नाही. पुढच्या चाकांनी चिखल धरला, सोडला, पुन्हा धरला, आणि जीप कुरकुरत, सगळ्या माणसांसकट, वरच्या पट्टीच्या बांधाला जाऊन लागली. भात पिवळं व्हायला लागलं होतं.

मॅडमनी बॉनेटवर फाईल ठेवली आणि उभ्यानेच पंचनामा लिहायला घेतला. हात सवयीने चालत होता. लिहून झाल्यावर त्यांनी वाचून दाखवलं.

"'...आम्ही खाली सह्या करणारे पंच व उभय पक्षकार, अर्जदाराच्या अर्जात नमूद केलेल्या जीपमधून, सदर वाटेने, आज रोजी बारा वाजून दहा मिनिटांनी जागेवर येऊन पोहोचलो...'"

"एक मिनिट, मॅडम," स्वानंद म्हणाला. "मी चालत निघालो होतो."

"पोहोचलात कशाने?"

स्वानंदने आपल्या पायांकडे पाहिलं. एक बूट, एक मोजा. "तसं म्हटलं तर जीपने. पण तत्त्वतः..."

"तत्त्वाचा रकाना नाहीये यात. जे झालं तेच मी लिहिते. तुम्ही जीपमध्ये बसला नव्हतात असं म्हणायचं असेल तर खाली लिहा आणि सही करा. पंच समोर आहेत."

पंच समोर होते. कोंडिबाच्या शर्टावर स्वानंदच्या हाताचा पाचही बोटांचा तांबडा ठसा होता. स्वानंदने फोन वर धरून पाहिला, चारी दिशांना फिरून पाहिला. रेंज नव्हती. शेवटी त्याने सही केली.

"म्हणजे गाडीवाट," मॅडम म्हणाल्या. "तसाच अहवाल जाईल. फाटक काढावं लागेल तुम्हाला. हं, अर्जदार, सही करा."

हैबतरावांनी पेन घेतलं. कागद हातात धरला. वाचला. पुन्हा वाचला.

"काय झालं?" मॅडमनी विचारलं.

"ह्यात समदं माझ्या बाजूचंच लिवलंय."

"मग?"

"आन ह्यानं सही केलीय." हैबतरावांनी पेन स्वानंदकडे रोखलं. "ह्यानं सही केली म्हंजे ह्यात कुटंतरी त्याचा फायदा आसनार. त्याबिगर का करंल? मी एकदा घरी न्हेऊन सावकाश..."

"घरी नेता येत नाही. सही करा, नाहीतर अर्जदार गैरहजर असं लिहून मी निघते."

"मामंजी, करा," शुभांगी म्हणाली.

"हैबतराव, करा," पीरमहंमद म्हणाले.

"नाना, करा," पंच म्हणाले, दोघंही एकदम.

सगळे एका सुरात बोलतायत हे हैबतरावांना आवडलं नाही. ते स्वानंदकडे वळले. तिथं तरी वेगळं मत मिळेल, अशी त्यांना आशा असावी. "तुमी काय म्हनता?"

स्वानंद बांधावर बसून मोजा पिळत होता. "नका करू," तो म्हणाला.

हैबतरावांनी ताबडतोब सही केली.

मॅडमनी कागद ओढून घेतला, पण हैबतरावांनी दुसरं टोक सोडलं नाही. त्यांनी कागद उन्हाकडे धरला आणि आपल्याच नावाकडे डोळे बारीक करून बघितलं.

"मॅडम, ही सही..."

"तुमचीच आहे. आत्ता केलीत."

"व्हय. पन ह्यो 'त' जरा येगळाच वाटतोय."